सातवा बार

न्हाव्याची चूक पंधरा दिवसांत उगवून निघते. शिंप्याची आतून दाबून शिवता येते. तलाठ्याने चूक केली तर अर्ज आपण करायचा, तोही हात जोडून. आमच्या वडिलांना एका तलाठ्याने कागदावर जिवंतपणीच मयत करून टाकलं होतं. त्यांना पुन्हा जिवंत करायला मी तीन वर्षं चकरा मारल्या, आणि हुकूम हातात पडला तेव्हा वडील खरोखरचे जाऊन दोन महिने झाले होते. तलाठी म्हणाला, चालायचंच गुरुजी, माणसाच्या हातून चूक होते. मी मान डोलावली आणि त्याच्या चहाचे पैसेही मीच दिले.

आणि मास्तराची चूक? ती कळेपर्यंत पोरगं स्वतः बाप झालेलं असतं. मी सदतीस वर्षं मास्तरकी केली, त्यामुळे हे ऐकीव सांगत नाही. एका वर्षी मी चौथीच्या अख्ख्या वर्गाला उत्तरेतली एक नदी दक्षिणेत वाहायला लावली होती. परीक्षेत सगळ्यांनी तेच लिहिलं. तपासणारा मीच, म्हणून सगळे पास झाले. त्या पोरांतला एक आज वसमतच्या डेपोत कंडक्टर आहे. ती नदी अजून चुकीच्या बाजूला वाहते आहे आणि त्यामुळे कुणाची एसटी चुकलेली नाही.

गेल्या वर्षी मी निवृत्त झालो. शाल, नारळ, फोटो. केंद्रप्रमुख भाषणात म्हणाले, तातेराव गुरुजींची सेवा म्हणजे निष्कलंक सेवा. टाळ्या पडल्या. माझी बायको सुमनबाई पहिल्या रांगेत होती. तिने टाळी वाजवली नाही, पदर सारखा करत बसली. तिला मी सांगितलेलं आहे. आता तुम्हाला सांगतो, कारण हे ओझं घेऊन बसायचा मला कंटाळा आला आहे. पश्चात्ताप वगैरे मोठे शब्द मी वापरणार नाही. कंटाळा हाच खरा शब्द आहे.

आधी माझी एक सवय सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. आमच्या शाळेत चौथीच्या पटावर बेचाळीस नावं असायची आणि वर्गात सव्वीस डोकी. तूर काढणीला आली की एकोणीस. पट घसरला तर मास्तराची बदली, म्हणून हजेरी भरायची. पहिल्या वर्षी जड गेलं. नंतर सवय झाली. मी नाव घ्यायचो, उत्तर आलं नाही तरी क्षणभर थांबायचो आणि मनात म्हणायचो, येतच असेल वाटेत, आणि हजर लावायचो. पुढे पुढे तर मला ती पोरं खरंच वर्गात बसल्यासारखी वाटायची. यात पाप आहे असं मला कधी वाटलं नाही. तपासायला येणाऱ्यालाही ठाऊक असायचं, तोही त्याच्या कागदावर बेचाळीसच लिहून घ्यायचा.

आता सटवाजी.

सटवाजी आणि मी एका वयाचे, चौथीपर्यंत एका वर्गातले. तो बौद्धवाड्यातला, आम्ही वरच्या आळीचे. गणितात तो माझ्यापेक्षा हुशार होता. मी त्याच्या पाटीत डोकावून उत्तरं उतरवायचो आणि मारुतीच्या पारावर गेलो की त्याला ओळख दाखवायचो नाही. चौथीनंतर तो बापाबरोबर विहिरी खोदायला गेला आणि मी पुढे शिकून मास्तर झालो. तोवर मला तो तातेराव म्हणायचा. नोकरी लागल्यापासून गुरुजी म्हणू लागला. मी मात्र त्याला आधीसारखंच सटवाजी, अरे सटवाजी. शाळेतला दोस्त म्हणून की वाड्यातला म्हणून, याचा मी कधी विचार केला नाही.

विहिरीचे सुरुंग उडवण्यात त्याच्यासारखा माणूस वारंगा फाट्यापासून नरसीपर्यंत नव्हता. आमच्याकडे दहा-बारा हातांवर काळा पाषाण लागतो, पहारीला दाद देत नाही. मग ट्रॅक्टरच्या कंप्रेसरने दगडात भोकं पाडायची, त्यात टोटे, म्हणजे दारूच्या कांड्या, ठासायच्या, वाती लावायच्या आणि पेटवून वर यायचं. अशा एका भोकाला बार म्हणतात. सटवाजी प्रत्येक बाराची वात वेगळ्या लांबीची कापायचा, म्हणजे बार एकामागोमाग एक उडतात आणि मोजता येतात. हे मोजणं म्हणजेच खरं काम. सात लावले आणि सात वाजले, तर धूर बसला की खाली जायचं. सात लावले आणि सहा वाजले, तर एक बार दगडात जिवंत बसलेला आहे. त्याला सटवाजी मुका बार म्हणायचा. अशा वेळी विहिरीत दुसऱ्या दिवसापर्यंत कुणी उतरायचं नाही, मग मालक कितीही आदळआपट करो. दुसरा नेम असा की, बारानंतर पहिला उतरायचा तो सुरुंगवालाच. त्याने पहारीने सगळा दगड ठोकून बघितला की मग बाकीचे.

वीस वर्षांत त्याची गिनती एकदाही चुकली नव्हती. आपल्या धंद्याबद्दल तो फारसं बोलायचा नाही. एकदा मात्र मला म्हणाला होता की गुरुजी, तुमच्या लेकराला शंभरातले पस्तीस आले तरी त्याला पेढे वाटतेत. मी हसलो होतो.

चौऱ्याण्णव सालच्या एप्रिलमध्ये मी माझ्या रानात विहीर घेतली. तेव्हा आमचा जिल्हा परभणी होता, हिंगोली नंतर झाला. खाली तीस फुटांवर सटवाजी, आणि वर यारीवर, म्हणजे दगड वर ओढायच्या त्या हाताच्या क्रेनवर, तांड्यावरचे थावरा आणि वसराम. शाळा सकाळची होती, त्यामुळे दुपारी मी रानात येऊन लिंबाच्या सावलीत बसायचो. वार्षिक परीक्षा नुकती संपली होती. मांडीवर पेपरांचा गठ्ठा, खिशात लाल पेन.

त्या दिवशी चारच्या सुमाराला सटवाजीने सात बार भरले. वाती पेटवण्याआधी तो वर आला, माझ्याजवळ बसला आणि हळूच म्हणाला की आज कानात लई तकलीफ हाय, जरा तुमीबी गिनती ठेवा. मी म्हटलं, ठेवतो की. त्यात काय.

त्यात काय, हे माझे शब्द. ते मला नीट आठवतात.

सटवाजीने खाली जाऊन वाती पेटवल्या आणि थावरा-वसरामने त्याला यारीने वर ओढलं. त्याने आडव्या हाताने सगळ्यांना मागे सारलं आणि तो बाभळीमागे जाऊन उभा राहिला. ते दोघं लांब बांधापलीकडे गेले, तिथून त्यांचं बोलणं-हसणं चालू होतं. मी पेपर तपासत होतो. पहिला बार वाजला तशी मी पेपराच्या कडेला एक बारीक रेघ मारली. दुसरा, तिसरा. चौथा जरा लवकर आला. माझ्या हातात शिवशंकर नावाच्या पोराचा गणिताचा पेपर होता. उत्तर बरोबर आणि रीत सगळी चुकीची, म्हणजे कुणाचं तरी बघून लिहिलेलं. मार्क द्यावेत की नाही या विचारात मी होतो. पाचवा वाजला, रेघ मारली. शिवशंकरला अर्धे मार्क दिले. सहावा वाजला, रेघ मारली. मग पुढचा पेपर घेतला.

मग काही वाजलं नाही. किंवा मी ऐकलं नाही. वर उडालेले दगड खाली पडल्याचा आवाज आला, माती खाली बसली, लांब कुठेतरी बैल हंबरला. मी रेघा मोजल्या. सहा होत्या.

सटवाजी माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "किती झाले, गुरुजी?"

मी म्हटलं, "सात लावले होतेस ना?"

"व्हय. सात."

"मग सात झाले."

तो गेला नाही. तसाच उभा राहून माझ्या तोंडाकडे बघत होता. म्हणाला, "बराबर सात?"

मी पेपरातून मान वर न करता म्हटलं, "अरे हो, सात."

इथे मला काही लोभ होता, घाई होती, असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. लोकांना कारण लागतं. मला घाई नव्हती. एक दिवस काम थांबलं असतं तर माझं काहीही बिघडत नव्हतं. मी फक्त हजेरी भरली. सहा हजर होते, सातवा येतच असेल वाटेत, किंवा चौथा लवकर आला तेव्हाच जोडीने आला असेल, असं काहीतरी अर्ध्या क्षणात मनात येऊन गेलं आणि मी सात लावून मोकळा झालो. ही चूक सुरुंगवाला जन्मात करणार नाही, डॉक्टर करणार नाही, एसटीचा ड्रायव्हरही करणार नाही. ती मास्तरच करू जाणे.

धूर बसल्यावर तो पहार घेऊन खाली उतरला. पाच-सात मिनिटं पहारीचे ठोके ऐकू येत होते. मग जो आवाज झाला, तो मला मोजावा लागला नाही.

थावरा आणि वसरामने त्याला यारीने वर काढलं. त्याचं सगळं सांगत नाही. वारंगा फाट्यावरून जीप आणली, नांदेडला नेलं. तो वाचला. उजवा हात मनगटापासून गेला, दोन्ही डोळे गेले. कानही गेले, असं सगळे म्हणू लागले. ते खरं तर आधीच जात आले होते, पण लोकांनी तेही त्याच दिवसाच्या नावावर टाकलं.

पंचनाम्याला जमादार आला तेव्हा मी दवाखान्याच्या व्हरांड्यात उभा होतो. नोकरी जाते, निलंबन होतं, पेपरात नाव येतं, हे सगळं डोळ्यांपुढे नाचत होतं. आत त्याने सटवाजीला कानाशी ओरडून विचारलं, कसं झालं. तो पट्ट्यांमधून बोलला, सावकाश बोलला. माझी गिनती चुकली, म्हणाला. जमादाराने पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. मी बाहेर भिंतीला टेकलो आणि मला आधी सुटल्यासारखं वाटलं. हे लपवून काय करू? आधी सुटल्यासारखंच वाटलं. रडू नंतर आलं.

मला वाटलं, त्याने मला वाचवलं. दोस्तीला जागला. मी मनातल्या मनात त्याला देवाच्या जागी बसवलं आणि देव म्हटल्यावर आपल्याला दुसरं काही करावं लागत नाही, लांबून हात जोडले की झालं.

गावाने मात्र सटवाजीला सोडलं नाही. वीस वर्षं ज्याला डोक्यावर घेतलं त्याला एका दुपारी खाली आपटलं. एवढं साधं सात मोजता येऊ नये? प्यायलेला असेल. नसेल तर मग्रुरी आली असेल. वीस वर्षांतल्या शेकडो बरोबर गिनत्या कुणाच्या तोंडात नव्हत्या. माझ्या पारावरच्या बैठकीत ही चर्चा चालायची तेव्हा मी अडकित्त्याने सुपारी कातरत बसायचो. एक जण तर म्हणाला, गुरुजी, तुमच्यासारख्याची विहीर अन् नेमका तुमच्याच नशिबी हा घोळ. मला सहानुभूती मिळत होती. घेत होतो.

त्याची बायको पंचफुला माझ्याकडे निराधार योजनेचा अर्ज भरून घ्यायला आली. कागदावर अपंगत्वाचं कारण असा रकाना होता. मी माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं, स्वतःच्या चुकीमुळे झालेला अपघात. तिने अंगठा केला आणि म्हणाली, गुरुजी, तुमचे लई उपकार. त्या रात्री मला जेवण गेलं नाही, म्हणून मी सुमनबाईला पहिल्यांदा खरं सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, सांगून टाका. मी म्हटलं, सांगतो. आणि नऊ वर्षं गेली.

या नऊ वर्षांत मी त्याच्या घरी पाच-सहा वेळाच गेलो असेन. दारात बाज टाकलेली, त्यावर तो बसलेला. बोलायचं तर कानाला तोंड लावून ओरडावं लागायचं, आणि ओरडून बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. पंचफुला रोजाने जायची. संध्याकाळी आली की भाकरीचे घास त्याच्या हातात देताना एकच पालुपद लावायची, की सात मोजता आले न्हाई तुमाला, साताचा आकडा लेकराला येतो. तो ऐकून घ्यायचा, कारण हे ती त्याच्या कानात बोलायची. ती काही कैदाशीण नव्हती. दिवसभर दुसऱ्याच्या रानात वाकून आलेल्या बाईने राग ठेवायचा तरी कुठे?

दोन हजार तीन सालच्या उन्हाळ्यात ती माझ्या दारात आली. त्यांचा मुलगा भीमराज तेव्हा चोवीस-पंचवीसचा असेल. बापाच्या हाताखाली थोडं शिकलेला, नंतर पुण्याकडे बांधकामावर राबून परत आलेला. फाट्याजवळ रस्त्याच्या कामाला दगडखाण सुरू झाली होती आणि तिथे बार भरायला माणसं हवी होती. भीमराज गेला. मुकादमाने नाव विचारलं, गाव विचारलं, आणि म्हणाला, सटवाजीचा का? ज्याला सात मोजता आले न्हाई त्याचा? जा बाबा, आमाला आमची माणसं प्यारी आहेत. भीमराज घरी आला आणि त्याने जेवणाचं ताट भिंतीवर फेकलं. बापाला नाही नाही ते बोलला. पंचफुला म्हणाली, गुरुजी, त्याला दोन शब्द सांगा, तुमचं ऐकंल तो.

माझं ऐकेल. मी पायात चपला घातल्या आणि तिच्या मागे निघालो. सुमनबाई दारात उभी होती.

दुपारचे चार-साडेचार झाले असतील. सटवाजी बाजेवर होता. भीमराज उंबऱ्यात डोकं धरून बसलेला. भिंतीवर वरणाचा डाग अजून ओला होता. मी समजुतीची वाक्यं जुळवत होतो, इतक्या वर्षांत तोंडात बसलेली, की आईबापाला असं बोलू नये, राग आवरावा. भीमराजने वर बघितलं आणि शांतपणे म्हणाला, "गुरुजी, मला इतकंच सांगा, तुमी तवा तिथंच होते. माझा बाप प्यायला होता का?"

मी म्हटलं, "नाही."

"मंग त्याला सात काहून मोजता आले न्हाई?"

तेव्हा मात्र माझ्याच्याने झालं नाही. धीर वगैरे काही नव्हता. उभं राहून राहून पाय भरून येतात आणि माणूस खाली बसतो, तसं झालं. मी सांगितलं. त्याचे कान तेव्हा दुखत होते, गिनती त्याने माझ्यावर सोपवली होती, माझ्या कागदावर सहाच रेघा होत्या, त्याने दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा मी सात म्हणालो. पंचनाम्यात तो माझ्यासाठी खोटं बोलला. चूक त्याची नव्हती, माझी होती.

भीमराज उठून उभा राहिला. मला वाटलं, आता मारेल. मारलं असतं तर मी हातही वर केला नसता, उलट बरं वाटलं असतं. पण तो उभाच राहिला.

पंचफुलेने आधी माझ्याकडे बघितलं, मग बाजेकडे. "नऊ वर्षं," ती म्हणाली, "मंग नऊ वर्षं मी कोनाला बोलून राहिले?"

ती बाजेपाशी गेली, खाली बसली आणि सटवाजीच्या कानाला तोंड लावून मोठ्याने म्हणाली, "गुरुजी म्हनून राहिलेत, त्यायनी सहाच ऐकले होते. सात उगंच सांगितले तुमाला."

सटवाजीचा चेहरा तसाच राहिला. डाव्या हाताने तो बाजेची दोरी चाचपत होता. मला वाटलं, ऐकू गेलं नाही. ती पुन्हा ओरडणार, तेवढ्यात तो बोलला.

"म्हाईत हाय मला. मीबी सहाच मोजले होते."

तो आपला सावकाश सांगत राहिला, कुणाकडे तोंड करून सांगावं हे त्याला दिसत नव्हतं. कान दोन वर्षं आधीपासूनच जात होते. कुणाला कळलं असतं तर धंदा बसला असता, म्हणून त्याने कुणाला कळू दिलं नाही. तो पायाने मोजायचा. बार उडाला की जमीन तळपायाला खालून हाणते, एका बाराला एकदा. कानापेक्षा पाय पक्के, दोन वर्षांत कधी फसवलं नाही त्यांनी. त्या दिवशी जमीन सहा वेळा हाणली होती.

भीमराज त्याच्यापुढे गुडघ्यावर बसला आणि त्याच्या कानात ओरडला, "मंग उतरला काहून, बा?"

"गुरुजी सात म्हनले," सटवाजी म्हणाला.

तक्रार नव्हती त्यात. वर्गात एखाद्या पोराला विचारावं, हे असं का लिहिलंस, आणि त्याने सांगावं, तसं. पुढे म्हणाला, "मला वाटलं, माझे पाय चुकले असतील. शिकल्याली माणसं कशी चुकतील?"

नऊ वर्षं मला वाटत होतं, तो मला वाचवायला खोटं बोलला. त्याच्या खोट्यात मी नव्हतोच. मी भीमराजला म्हटलं, मी उद्याच्या उद्या खाणीवर जातो, मुकादमाला खरं सांगतो, चारचौघांत सांगतो. ते भीमराजने बापाच्या कानात सांगितलं, तसा सटवाजी पहिल्यांदा चिडला. मी जिथे असेन त्या अंदाजाने त्याने थोटा हात उचलला.

"काही सांगू नका. मोजायला चुकला म्हनतेत, ते बरं हाय. मोजायला मानूस चुकतो एकांदा. सहा मोजून खाली उतरला, हे कळलं तर या पोराला कोन दारात हुभं करंल? असा सुरुंगवाला असतो का कुठं?"

भीमराजने मान खाली घातली. त्याला ते पटलं होतं. तो त्याच धंद्यातला होता, त्यांचं त्यांना कळत होतं. मला तेवढंही कळलं नव्हतं. मी सटवाजीचं गेलेलं नाव परत द्यायला निघालो होतो आणि उरलेलंही घालवून आलो असतो.

पंचफुला चुलीकडे गेली. चहा टाकते असंही म्हणाली नाही, जा असंही म्हणाली नाही. मी बाजेजवळ गेलो. इतक्या वर्षांत मी सटवाजीच्या इतक्या जवळ गेलो नव्हतो. त्याच्या कानामागे दगडाच्या कपऱ्यांचे बारीक निळे डाग अजून होते. मी तोंड त्याच्या कानाशी नेलं आणि ओरडलो, शेजारची दारं उघडली इतक्या मोठ्याने ओरडलो, "चूक माझी आहे, सटवाजी. माझी आहे."

त्याने डाव्या हाताने माझं तोंड चाचपलं, कोण बोलतंय याची खात्री केल्यासारखं. मग मान हलवली.

"न्हाई, गुरुजी," तो म्हणाला. "चूक सुरुंगवाल्याची असते. तुमचं तसं नसतं."